बाबांचा जनरल

बाबा आमच्याकडे बेसिंगस्टोकला आले ते एका बॅगेत कपडे आणि दोन बॅगांमध्ये जनरल घेऊन. म्हणजे जनरलवरची पुस्तकं, झेरॉक्सचे गठ्ठे, नकाशे आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली सात प्रकरणं. हीथ्रोला मी त्यांना मिठी मारली, तर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "ती निळी बॅग आडवी ठेवू नकोस गं, आत पूर्व आघाडी आहे." आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. निदान गाडीत बसल्यावर तरी आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलू, असं मला वाटलं होतं. बेसिंगस्टोक येईपर्यंत मी जनरलच्या बालपणाबद्दल ऐकत होते.

हा जनरल कोण ते आधी सांगून टाकते, कारण आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावंच लागतं. जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका जुन्या सरदार घराण्यातला हा धाकटा मुलगा. तळ्याकाठी हवेली, जमीन, घोडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात एकच पेशा, लष्कराचा. लहानपणीच त्याला सैनिकी शाळेत टाकलं. पहिल्या महायुद्धात मिसरूड फुटायच्या वयात लेफ्टनंट म्हणून गेला आणि पायात गोळी घेऊन परतला. मग हरलेल्या देशाच्या छोट्याशा सैन्यात वर्षानुवर्षं बढतीची वाट बघत घोडे फिरवत बसला. हुकूमशहा आला, सैन्य वाढलं, तशी याचीही भराभर बढती झाली. दुसऱ्या महायुद्धात आधी एक डिव्हिजन आणि मग त्याहून मोठी फौज हाताखाली आली. शेवटी इंग्रजांच्या हाती सापडला, इंग्लंडमधल्या एका बड्या बंगल्यात इतर सेनापतींबरोबर कैदेत राहिला, तिथे टोमॅटो लावले, आजारी पडला म्हणून सुटला आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात वारला. घराण्याची जमीन तोवर सरहद्दीपलीकडे गेली होती. जगात त्याला फारसं कोणी ओळखत नाही. मराठीत तर कोणीच नाही, आणि बाबांना नेमकं तेच खुपत होतं.

आता पुण्याच्या माणसाला हा जनरल कुठे भेटला? बाबा संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात होते. तिथे एक जर्मन मशीन आलं आणि ते बसवायला एक म्हातारा जर्मन फिटर आला. बाबांनी जर्मनचे क्लास केले होते, पुण्यात निम्मी माणसं कधी ना कधी ते करतातच, म्हणून साहेबांनी त्यांना त्या फिटरच्या गळ्यात बांधलं. फिटर युद्धात जनरलच्या हाताखाली शिपाई होता. डबा खाताना तो सांगायचा, आमचा जनरल सुपाच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहायचा. शिपायांचं झालं की मग तो. कधी कधी भांड्यात काही उरायचंच नाही. बाबांच्या कारखान्यात साहेबांचं कँटीन वेगळं, कपबशा वेगळ्या, एवढंच काय, साहेबांचा जिनाही वेगळा. त्या सुपाने बाबांना जे जिंकलं ते कायमचं. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक हास्यक्लबात गेले, बाबांनी जनरलचं चरित्र लिहायला घेतलं.

वीसेक वर्षं ते लिहीत होते. आणि शेवटाजवळ आले तशी त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली. नजरेच्या बरोब्बर मधोमध डाग आला. कडेकडेचं दिसायचं, पण माणसाकडे समोरून बघितलं की चेहराच गायब. वाचणं-लिहिणं बंद झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत यायचं नाही. पुस्तकाची सुरुवात लिहून झाली होती, कैद आणि मृत्यूही लिहून झाले होते. मधलं एकच प्रकरण राहिलं होतं, पूर्व आघाडीचं. प्रकाशक मिळाला होता, दसऱ्याला प्रकाशन ठरलं होतं. म्हणून बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आले. मी त्यांचे डोळे आणि मीच त्यांचे हात. मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. लंच अवरमध्ये ऑफिसचा लॅपटॉप बंद करायचा, माझा उघडायचा, आणि एका हाताने पोळीचा रोल खात जनरलला पूर्वेकडे न्यायचं. नवरा म्हणायचा, "तुझी सेकंड शिफ्ट सुरू झाली का?"

पहिल्या आठवड्यात गंमत वाटली. मी इंग्रजी पुस्तकांतून वाचून दाखवायचे, बाबा डोळे मिटून ऐकायचे, मग घडवून घडवून मराठी वाक्यं सांगायचे. त्यांचं मराठी सुंदर आहे. नदी ओलांडतानाचा चिखल त्यांनी असा सांगितला की मला माझ्या पायमोज्यांची काळजी वाटायला लागली. मग एक दिवस मी ते पान वाचलं. रस्त्यावर जनरलचे काही सैनिक मारले गेले होते. मारेकरी सापडले नाहीत. जवळ एक गाव होतं. गावातल्या माणसांना, त्यात म्हातारे, बायका, पोरं सगळे आले, धान्याच्या कोठारात कोंडलं आणि कोठार पेटवलं. हुकमावर जनरलची सही होती.

"पुढे," बाबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी परत वाचलं.

"ऐकलं मी. पुढचं पान घे. तिथून माघार सुरू होते, ती महत्त्वाची आहे."

"बाबा, त्याने सही केलीये."

"युद्धात सह्या कराव्या लागतात. तो राजकारणी नव्हता, सैनिक होता. आणि हे लेखक इंग्रज आहेत, ते असंच लिहिणार."

"लेखक जर्मन आहे. हे ट्रान्सलेशन आहे."

"मग तर बघायलाच नको," बाबा म्हणाले. हे कुठलं उत्तर, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी एक वाक्य सांगितलं. 'पूर्व आघाडीवर परिस्थितीच्या रेट्याखाली काही कठोर निर्णय घेणे भाग पडले.' आणि हे प्रकरणात नको, तळटीप म्हणून टाक, असंही सांगितलं. मी टाइप केलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोमॅटोंना त्यांनी चार पानं दिली होती. टोमॅटोंना! कैदेत असताना हा माणूस रोपांशी किती हळुवारपणे वागायचा, पहारेकऱ्यांनाही टोमॅटो कसे वाटून द्यायचा. आणि अख्ख्या गावाला एक तळटीप, तीही अशी की वाचणाऱ्याला वाटावं रेशन कमी केलं असेल.

मी भांडले. बाबांशी भांडणं फार अवघड असतं, कारण ते आवाज चढवत नाहीत. ते चष्मा काढून पुसतात. आता त्या चष्म्याचा त्यांना काडीचा उपयोग नाही, तरी ते पुसतात आणि आपण गप्प व्हायची वाट बघतात. आईने आयुष्यभर त्या चष्म्याशी भांडण केलं आणि हरली.

तो बंगला बघायचा त्यांचा हट्ट होता, जिथे जनरल कैदेत होता. एका शनिवारी मी घेऊन गेले. तिथे आता हॉटेल आहे, लग्नं लागतात. रिसेप्शनवरच्या मुलीने आम्हाला विचारलं की आफ्टरनून टीचं बुकिंग आहे का. बाबांनी तिला जनरलबद्दल सांगायला सुरुवात केली. ती बिचारी हसून म्हणाली, "जनरल मॅनेजर आज सुट्टीवर आहेत." बाहेर लॉनवर एक नवरी फोटो काढून घेत होती. बाबा कार पार्कच्या कोपऱ्यात उभे राहून, मान तिरकी करून, नजरेच्या कडेने त्या इमारतीकडे बराच वेळ बघत राहिले. "टोमॅटो बहुतेक तिकडे असतील," म्हणाले. तिकडे कचऱ्याच्या व्हीलीबिन्स होत्या. मी सांगितलं नाही. पार्किंगचे पैसे मात्र तोंड वाकडं करून भरले.

मग मला एक बाई सापडली. मीच शोधली, आणि उद्देश सरळ नव्हता. एडिनबरातल्या कुठल्याशा लायब्ररीत एका निवृत्त डॉक्टर बाईंनी दिलेलं भाषण नेटवर होतं. सैनिकांच्या नातवंडांबद्दल होतं ते. त्या जनरलची नात निघाल्या. भाषण मी ऐकलं होतं, त्यामुळे त्या काय बोलणार याचा मला अंदाज होता. बाबांना मी एवढंच सांगितलं की जनरलची नात सापडलीये, स्कॉटलंडमध्ये राहते.

बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "थेट वंशज?"

"हो. मुलाची मुलगी."

"मग त्यांचा सत्कार करायला हवा."

मी कपाळाला हात लावला. पुण्यात कुठल्याही ऐतिहासिक पुस्तकाचं प्रकाशन असलं की पहिल्या रांगेत वंशज बसवलेले असतात. थेट वंशज, बारावे वंशज, मुलीकडून वंशज. त्यांना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. ते बहुतेक बँकेत वगैरे असतात आणि अवघडून बसलेले असतात, पण त्यांच्याशिवाय सोहळा पुरा होत नाही. दसऱ्याला डॉक्टरबाईंना पुण्याला नेता येणार नाही हे बाबांना समजत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की सत्कार इथेच करायचा, त्यांच्या घरी जाऊन, आणि फोटो पुस्तकात शेवटी छापायचा.

मी ईमेल केली. सत्काराचं लिहिलं नाही, धीर झाला नाही. उत्तर आलं, 'चहाला या. मला तुमच्या वडिलांना एक प्रश्न विचारायचा आहे.' बाबा म्हणाले, "बघ, त्यांनाही उत्सुकता आहे."

शाल बाबांच्या बॅगेतच होती, पुण्याहून आणलेली. कोणासाठी आणली होती कोण जाणे. नारळाचं त्रांगडं झालं. आमच्या सुपरमार्केटात मिळतो तो नारळ तासून गुळगुळीत केलेला, फोडायला सोपं जावं म्हणून भोवती खाच पाडलेला. बाबांनी हाताने चाचपून बघितला आणि म्हणाले, "याला शेंडी नाही. बोडका नारळ देतात का कोणाला?" रविवारी मी शेंडीच्या नारळासाठी इल्फर्डच्या देशी दुकानांपर्यंत गाडी मारली. एम ट्वेंटीफाइव्हच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना मी मोठमोठ्याने जनरलला शिव्या घालत होते, काचा बंद करून.

एडिनबराचा प्रवास लांबचा. लंडनपर्यंत ट्रेन, मग किंग्ज क्रॉसहून दुसरी. ती यॉर्कच्या पुढे सिग्नल फेल्युअरमुळे थांबली ती थांबलीच. बाबा जर्मनमधून भाषण पाठ करत होते. 'आपल्या थोर घराण्याच्या' इथे दरवेळी अडकत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. समोर बसलेला माणूस शेवटी कानात इअरफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसला.

डॉक्टरबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या, गोल दगडी जिना. सत्तरीच्या पुढच्या, उंच, आखूड पांढरे केस. नवऱ्याचं साधं स्कॉटिश आडनाव लावणाऱ्या. घरात जनरलचा एकही फोटो नव्हता. बाबांना अर्थात ते दिसलं नाही. डॉक्टरबाईंनी चहा केला, प्लमचा केक कापला, बाबांच्या हाताला कप नीट लागेल असा ठेवला. त्या बाबांशी जर्मनमध्ये दोन शब्द बोलल्या तसे बाबा फुलून गेले. मग मला काही समजायच्या आत ते उठले, पिशवीतून शाल काढली, झटकली, आणि अंदाजाने दोन पावलं टाकून त्यांच्या खांद्यावर पांघरली. आपल्याकडे विचारून कोणी शाल घालत नाही. त्यांच्या हातात नारळ दिला. डॉक्टरबाई केकचा तुकडा तोंडात तसाच धरून ताठ बसल्या. बाबांचं भाषण सुरू झालं. थोर घराणं, शौर्याची परंपरा, शिपायांच्या मागे जेवणारा सेनापती, भारतातून आलेल्या एका सामान्य माणसाचं वंदन. एकदाही अडखळले नाहीत.

"फोटो काढ," मला मराठीत म्हणाले.

मी काढला. त्या फोटोत डॉक्टरबाईंचा चेहरा खिडकीकडे वळलेला आहे.

त्यांनी घास गिळला. नारळ टेबलावर ठेवला. मग इंग्रजीत, हळू, बाबांना नीट समजेल असं म्हणाल्या, "माझा प्रश्न विचारते. तुमच्या पुस्तकात त्या गावाला किती पानं आहेत?"

कुठलं गाव, हे बाबांनी विचारलं नाही. म्हणाले, "उल्लेख आहे. तळटीप आहे."

"तळटीप," त्या म्हणाल्या. शाल काढून त्यांनी मांडीवर घडी घातली, अगदी व्यवस्थित, कडेला कड जुळवून. "हे तुम्ही मला कशासाठी घातलंत?"

"आमच्याकडे थोर माणसांच्या वंशजांचा सन्मान करतात."

"का? मी काय केलं?"

बाबा गोंधळले. हा प्रश्न पुण्यात आजवर कोणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मी त्या चष्म्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता ही बाई गप्प बसेल, आपण सगळे बसतो तशी. ती बसली नाही.

"त्या कोठारात मुलं होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्या वयाची. वडील मोठे झाले, लग्न केलं, मी झाले. म्हणून मी वंशज. त्या मुलांना वंशज झालेच नाहीत. त्यांचा सत्कार तुम्ही कसा करता?"

बाबांनी त्यांचं शेवटचं शस्त्र काढलं. "ते सुपाच्या रांगेत शेवटी उभे राहायचे. हे मी त्यांच्या शिपायाकडून ऐकलंय."

"ते खरं आहे. घरीही माझ्या ताटलीत आधी वाढायचे. फार चांगले आजोबा होते. ते गेले तेव्हा मी लहान होते, ढसाढसा रडले होते. ते वाईट असते तर माझं आयुष्य सोपं गेलं असतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी दर उन्हाळ्यात त्या गावाला जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, कोणी तरी अंगावर धावून येईल. एका म्हातारीने मला खुर्ची दिली आणि उकडलेले बटाटे खायला घातले."

निघताना त्यांनी शाल परत दिली. नारळ मात्र ठेवून घेतला, त्यांना खोबरं आवडतं म्हणाल्या. जिना उतरताना बाबांचा हात त्यांनीच धरला होता.

परतीच्या ट्रेनमध्ये बरीच स्टेशनं गेल्यावर बाबा म्हणाले, "बाईंना आपल्या घराण्याचा काही अभिमान नाही."

आम्ही क्वाएट कोचमध्ये होतो, जिथे मोठ्याने बोलायचं नसतं. मला त्याचं भान राहिलं नाही. "बाबा, तुम्हाला सूप दिसतं, कोठार दिसत नाही. आणि दोष डोळ्यांना देता!" चार डोकी वळली. "हे चॅप्टर असं मी टाइप करणार नाही. दुसरं कोणी बघा." लंडनला उतरताना त्यांनी माझा हात धरला, कारण धरल्याशिवाय त्यांना उतरता येत नाही. तेवढ्यापुरताच धरला.

मग आमचं काम बंद पडलं. दुपारी मी रोल खात मोबाइल बघायचे, बाबा वरच्या खोलीत बसून राहायचे. पुण्याहून प्रकाशकांचा मला फोन आला. "ताई, कव्हर रेडी आहे. काकांना सांगा, पूर्व आघाडी थोडक्यात उरका. वाचकाला लढाई हवी असते, ते जळितबिळित कोण वाचतंय?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा त्यांना." त्यांनी सांगितलं असावं. बाबांनी मला काही सांगितलं नाही.

एक दिवस मी दोन मीटिंग्जच्या मध्ये चहा गाळत होते तेव्हा बाबा भिंतीला धरत खाली आले. "मोबाइलवर आवाज कसा रेकॉर्ड करतात ते दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

मी त्यांच्या स्क्रीनवर ते ॲप पुढे आणून ठेवलं, त्यांचं बोट धरून बटणावर नेलं. "हे लाल बटण दाबायचं. सुरू झालंसं वाटलं नाही तर परत दाबायचं." आणि पळाले, कारण मीटिंग सुरू झाली होती.

त्यानंतर कितीतरी दुपारी त्यांच्या खोलीचं दार बंद असायचं. आतून बोलण्याचा आवाज यायचा, एकसुरी, मध्ये मध्ये थांबणारा. मला वाटलं, कारखान्यातल्या जुन्या मित्राशी बोलत असतील, माझ्या तक्रारी करत असतील. करू देत. जेवण कमी झालं होतं त्यांचं. एकदा दार उघडून बाहेर आले तर चेहरा ओला होता. मी विचारलं तर म्हणाले, "ड्रॉप्स घातलेत." ड्रॉप्सची वेळ सकाळची होती. मीही पुढे विचारलं नाही, रागात होते.

मग एका शुक्रवारी त्यांनी तो मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "झालं ते प्रकरण. गावाचं. सगळं सांगितलंय, पहिल्यापासून. सही कोणाची होती तेही सांगितलंय. तळटीप काढून टाक. तू ऐक आणि टाइप कर. मी समोर बसणार नाही." आणि मागच्या गार्डनमध्ये जाऊन खुर्चीवर पाठमोरे बसले.

माझा राग एका क्षणात उतरला. मी मीटिंग कॅन्सल केली, इअरफोन लावले, पहिलं रेकॉर्डिंग उघडलं. बाबांनी घसा खाकरल्याचा आवाज आला आणि रेकॉर्डिंग संपलं. दुसरं उघडलं. खाकरणं, खुर्ची सरकवल्याचा आवाज, संपलं. तिसरं, चौथं. एकात 'त्या गावात' एवढे दोन शब्द होते. मी खालपर्यंत सगळी उघडली. मग माझ्या लक्षात आलं. ते लाल बटण दाबत होते. सुरू झालं की नाही ते दिसत नव्हतं, म्हणून खात्रीसाठी परत दाबत होते, मी सांगितलं तसं. दुसऱ्यांदा दाबलं की ते बंद होतं. त्यानंतर रोज दुपारी ते बंद मोबाइलशी बोलत होते.

सांगायला तर हवंच होतं. खोटं बोलून मी काय टाइप करणार होते? मी गार्डनमध्ये गेले. माझी चाहूल लागल्यावर ते मागे न वळता म्हणाले, "ऐकलंस? फार लांबलं का?"

"बाबा, रेकॉर्ड झालेलं नाही."

"कुठलं?"

"कुठलंच."

शेजारच्या घरात कोणी तरी लॉनमोअर चालवत होतं. बाबांनी ते थांबू दिलं. मग म्हणाले, "कोठाराच्या आत किती वेळ लागला असेल, तेसुद्धा सांगितलं होतं मी."

"परत सांगा. मी बसते ना. आत्ता बसते, लॅपटॉप आणते."

"तेव्हा समोर कोणी नव्हतं गं," बाबा म्हणाले. "कोणी ऐकत नव्हतं. म्हणून बोलता आलं."

पुस्तक दसऱ्याला निघत नाहीये. प्रकाशक रागावलेत, मी त्यांचे फोन उचलत नाही. ते गावाचं पान मी इंग्रजीवरून तासाभरात मराठीत आणू शकते, नवऱ्याने तसं सुचवलंही, त्याला मी नको ते बोलले. बाबांचा व्हिसा संपत आलाय. सगळ्याचाच मला संताप येतो, त्या बटणाचा, जनरलचा, बाबांचा, आणि कोणावर काढावा ते कळत नाही. रोज लंच अवरला मी ऑफिसचा लॅपटॉप बंद करते, माझा उघडते आणि त्यांच्यासमोर बसते. बाबा घसा खाकरतात. मी थांबते.